९ वाजून १२ मिनिटं, मुं. टा.

आजीच्या लग्नाची पत्रिका माझ्याकडे आहे. वैशाख, सन १९३८, गिरगाव. मुहूर्त सकाळी ९ वाजून १२ मिनिटं आणि पुढे कंसात ‘मुं. टा.’ म्हणजे मुंबई टाइम.

आजीचे मामा कल्याणला रेल्वेत. त्यांचं घड्याळ स्टँडर्ड टाइमवर आणि कंसाकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. नऊच्या ठोक्याला धापा टाकत कार्यालयात शिरले, तर भिंतीवर आठ एकवीस! आचारी अजून भाजी चिरत बसलेले. “आमच्याकडे लग्नाला वेळेआधी आलेला एवढा एकच माणूस,” असं आजी शेवटपर्यंत सांगायची.

ही एकोणचाळीस मिनिटं आली कुठून? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. मुंबई ग्रीनिचच्या पूर्वेला साधारण ७२.८ अंशांवर. चारने गुणा, ४ तास ५१ मिनिटं होतात. कलकत्त्याचे ५ तास ५३. ज्या त्या गावची दुपार ज्याची त्याला, आणि बैलगाडीच्या काळात त्याने कुणाचं काही अडलं नाही. आगगाडी आली आणि पंचाईत झाली. रेल्वे मद्रासच्या वेळेने धावू लागली, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे.

१ जानेवारी १९०६ला सरकारने मिर्झापूरजवळून जाणारी ८२.५ अंशांची रेखा धरली आणि साडेपाच तासांची वेळ लागू केली. मुंबईकर बिथरले. गिरणी कामगारांची तक्रार अगदी रास्त होती: भोंगा आधी वाजणार, झोप आमची जाणार. महापालिकाही हटून बसली, ती थेट १९५५पर्यंत. एका शहरात दोन वेळा! आज गंमत वाटते. पण सौराष्ट्रापासून अरुणाचलापर्यंत सूर्योदयात पावणेदोन-दोन तासांचं अंतर असताना आपण एकच वेळ पाळतो, हेही तसं गमतीचंच.

भटजींना मात्र दोन्ही टाइमांशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी घंगाळात पाणी भरून, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सूर्योदयाला त्यात सोडली होती. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. मग ती उपसून पुन्हा सोडायची. अक्षता पडल्या त्या साडेनऊ घटकांनी. मामांच्या हिशेबी तेव्हा नऊ एक्कावन्न झाले होते.

गेल्या १५ मेला मी गच्चीत स्टीलचा पेला उपडा ठेवला. त्या दिवशी मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. बारा वाजले, सव्वाबारा झाले, पेल्याच्या कडेला सावलीची चंद्रकोर होतीच. ती नाहीशी झाली १२ वाजून ३५ मिनिटांनी. मुंबई टाइमने बाराला चार कमी. ही चार मिनिटं खुद्द सूर्याची. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा लंबगोल, त्यामुळे मुंबईची खरी माध्यान्ह फेब्रुवारीत १२:५३पर्यंत लांबते आणि नोव्हेंबरात १२:२२लाच उरकते.

शेजारच्या काकू पापड वाळत घालायला आल्या होत्या. पेल्याकडे बघून म्हणाल्या, “काय झाकून ठेवलंय?”