होडीच्या चाकापाशी वायर ओढताय? आधी या गोष्टी तपासा

ठाकुर्ली : वायरलेस सेटवर बाकीच्यांचे बोलणे नीट ऐकू येते, पण बटण दाबून बोलायला गेले की सेटच बंद पडतो. अनेक नौकांवर ही तक्रार असते आणि दोष सेटला दिला जातो. खरा दोष पुष्कळदा बॅटरीपासून सुकाणूच्या चाकापर्यंत ओढलेल्या बारीक वायरीत असतो. रोजच्या गप्पांना हे चालून जाते, पण नौका बुडू लागली आणि मदतीची हाक द्यायची वेळ आली, तर मात्र हेच जिवावर बेतते.

मोठागाव-ठाकुर्लीवरून वाहणारी उल्हास पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. या पट्ट्यातल्या लहान होड्यांना वायरिंग फारसे लागत नाही. मोठ्या मासेमारी नौका आणि शिडाच्या बोटींवर मात्र तांडेलासमोर जीपीएस, व्हीएचएफ, फिशफाइंडर अशी उपकरणे असतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मच्छीमार नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. म्हणजे नौकांवरची उपकरणे यापुढे वाढणारच.

वायर जाड का हवी?

ठाकुर्लीकरांना याचे उदाहरण रोज डोक्यावर दिसते. १९२५ साली मुंबईत पहिली विजेची लोकल धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे मध्य रेल्वेने टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसी घेतले. दाब कमी असला की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो, आणि करंट वाढला की वाटेतली गळतीही वाढते. नौकेवर तर दाब अवघा १२ व्होल्ट.

हिशोब सोपा आहे. २५ वॉटचा व्हीएचएफ सेट ऐकताना थोडासाच करंट घेतो, पण बोलताना ५ ते ६ अँपिअर ओढतो. बॅटरी चाकापासून ५ मीटरवर असेल, तर जाण्या-येण्याची मिळून वायर १० मीटर होते. दीड एमएमची वायर वापरली, तर ६ अँपिअरला सुमारे पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. चार एमएमच्या वायरीत हीच घट ०.३ व्होल्टवर येते. महत्त्वाच्या उपकरणांसाठी घट तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ व्होल्टपेक्षा कमी असावी, असा साधारण नियम आहे. बॅटरी आधीच उतरलेली असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो.

घरातली वायर नको

घरगुती तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते. वरून प्लास्टिक चकचकीत, आत तारा कुजलेल्या. भांड्याला कल्हई करतात तसा प्रत्येक तारेला कथिलाचा मुलामा दिलेली बारीक तारांची वायर बोटीसाठी मिळते. ती महाग पडते, पण टिकते. जोडाला नुसती पिळून टेप लावू नये. लग दाबून बसवावा आणि त्यावर गरम करून आवळणारी नळी चढवावी.

खांबातली जागा धोक्याची

चाक ज्या पोकळ खांबावर असते, त्यातून साखळी आणि पोलादी दोर खाली सुकाणूकडे जातात. त्याच पोकळीत वायर मोकळी सोडली, तर चाक फिरताना ती घासते, सोलते, नाहीतर साखळीत अडकते. वायर अडकली तर सुकाणूच जाम होऊ शकते. सुकाणूचा बिघाड किती महाग पडतो, हे नौदलाच्या ‘तारिणी’ने अनुभवले आहे. २०१७-१८च्या जगप्रदक्षिणेत परतीच्या वाटेवर सुकाणूतल्या बिघाडामुळे तिला मॉरिशसला थांबावे लागले. तो बिघाड वायरीमुळे झाला असे नाही, पण भर समुद्रात सुकाणू गेले की काय होते, ते त्यातून कळते.

म्हणून वायर वेगळ्या नळीतून न्यावी. खांबासमोर धरायला पाइपची कमान असेल, तर तिच्या आतून नेणे सर्वांत बरे. पत्र्याच्या भोकाला रबरी बुच लावावा. उपकरणात शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. नळीत एक रिकामी दोरी ठेवली, तर पुढची वायर ओढताना खोलाखोल वाचते. काम झाल्यावर चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे.

होकायंत्र फसते

वायरीतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होते आणि शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. प्लस-मायनसच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन नेल्या, तर हा परिणाम जवळपास नाहीसा होतो. स्पीकरमध्ये तर चुंबकच असतो, तो लांबच ठेवावा. एकेक उपकरण चालू करून सुई पाहावी, व्हीएचएफचे बटण दाबूनही पाहावी.

फ्यूज कुठे?

फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. चाकापाशी लावला, तर वाटेत शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

शेवटची चाचणी बंदरातच करावी. दिवे आणि सगळी उपकरणे चालू ठेवून, बोलण्याचे बटण दाबलेले असताना सेटच्या टोकाशी मीटरने व्होल्ट मोजावेत. त्याच वेळी बॅटरीवरचेही मोजावेत. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर वायर बदलल्याशिवाय निघू नये. संकटाच्या हाकेसाठी व्हीएचएफवर चॅनल १६ आहे. मोबाइलची रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही लावता येतो.