उसण भरलेला कामगार केव्हां परतेल?

मुंबईच्या उत्तरेस सुमारें १०० किलोमीटरांवर, पालघर तालुक्यांत, बोईसर हें रेल्वेस्टेशन आहे. सकाळच्या पाळीच्या सुमारास तेथें उतरणाऱ्या माणसांचा लोंढा पाहिला म्हणजे त्यांतील बहुतेकांची वाट एकच असल्याचें ध्यानांत येतें. ही वाट तारापूर औद्योगिक वसाहतीची. वसाहतीला नांव तारापूरचें मिळालें असलें, तरी ती वसली आहे बोईसरच्या शेजारीं. खुद्द तारापूर गांव पश्चिमेस समुद्राच्या बाजूला आहे, आणि १९६९ सालीं सुरू झालेलें अणुविद्युत् केंद्रहि तिकडेच आहे. वसाहतींत रसायनें, औषधें, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. यंत्रें कितीहि आलीं, तरी तेथील पुष्कळसें काम अजून माणसाच्या पाठीकडेच आहे. गोणी खांद्यावर घेणें, भरलेलें पिंप कलतें धरून कडेवर फिरवीत नेणें, मागासमोर सबंध पाळी उभें राहून तुटलेले धागे वांकून जोडणें, हीं कामें करणाऱ्याच्या कंबरेंत, मानेंत, खांद्यांत किंवा गुडघ्यांत केव्हां ना केव्हां कळ उठतेच. कंबर धरली, उसण भरली, असें म्हणून तो लेप लावतो, शेक घेतो, आणि बहुधा आठपंधरा दिवसांत पुन्हां कामावर रुजूं होतो.

बहुधा, नेहमीं नव्हे. समजा, एकाच कारखान्यांत, एकाच आठवड्यांत, दोन कामगारांना गोणी उचलतांना उसण भरली. वय सारखें, काम सारखें, डॉक्टरांनीं तपासतां पाठहि सारखीच आखडलेली. पहिला दहाव्या दिवशीं कामावर येतो. दुसरा चार महिने झाले तरी येत नाहीं. दाखल्यामागून दाखला जोडला जातो, आणि पुढें एके दिवशीं त्याचें नांव हजेरीपटावरून निघून जातें. हा दुसरा मनुष्य पहिल्याच पंधरवड्यांत ओळखतां आला असता काय? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. कामगार जितके अधिक दिवस कामापासून दूर राहतो, तितकी त्याच्या परतण्याची शक्यता घटत जाते. सहा महिने घरीं बसलेल्यांपैकीं निम्मे परततात, वर्षभर बसलेल्यांपैकीं चौथाई, असा एक ढोबळ आंकडा १९६८ सालापासून औद्योगिक वैद्यकांत सांगितला जातो. आंकडा देशकालाप्रमाणें बदलेल; उतार मात्र सगळीकडे तोच दिसतो.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढावी लागते. कांहीं थोड्या रोग्यांत पाठदुखी ही दुसऱ्याच गंभीर रोगाची खूण असते. ताप, अकारण घटणारें वजन, पायांतील वाढता लुळेपणा, जांघेजवळचा बधिरपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास भविष्य वर्तवीत न बसतां रोग्यास तांतडीनें मोठ्या रुग्णालयांत न्यावें. असे रोगी थोडे. बाकीच्यांच्या बाबतींत सर्वांचा भरंवसा फोटोवर असतो. एम्. आर्. आय्. मध्यें गादी सरकलेली निघाली, एवढें ऐकलें कीं घरचीं माणसें त्याला पाण्याचा हंडाहि उचलूं देत नाहींत. १९९४ सालीं अमेरिकेंत, ज्यांना पाठदुखी मुळींच नव्हती अशा ९८ माणसांच्या कंबरेचे असे फोटो काढलेले प्रसिद्ध झाले. त्यांतील शेंकडा ६४ लोकांच्या एका तरी गादींत कांहीं ना कांहीं दोष होता. न दुखणाऱ्या पाठींतहि जो दोष सांपडतो, त्यावरून दुखणाऱ्या पाठीचें भविष्य कसें सांगावें?

अमेरिकेंतील बोइंग विमान-कारखान्यांत ३,०२० कामगारांवर सुमारें चार वर्षें नजर ठेवण्यांत आली, व तिचे निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाले. अंगची ताकद, पाठीचा लवचिकपणा, अशीं मोजमापें आधींच घेतलेलीं होतीं. पुढें पाठीच्या दुखापतीची तक्रार कोण करणार, हें सांगण्यास त्यांचा फारसा उपयोग झाला नाहीं. पूर्वीं पाठ दुखली होती काय, हें कळणें उपयोगी पडलें. आणि ज्यांना आपलें काम जवळजवळ कधींच आवडत नसे, त्यांच्यांत अशा तक्रारीचें प्रमाण अडीच पट भरलें. यावरून कामगार ढोंग करतो असा अर्थ काढणारे कांहीं मालक निघतात. तो अर्थ चुकीचा आहे. दुखणें खरेंच असतें. परंतु तें घेऊन माणसाला कोठें परत जावयाचें आहे, आणि तेथें त्याची वाट कोणी पाहत आहे काय, यावर तें सोसण्याची त्याची ताकद बरीचशी ठरते.

भीतीचें काम आणखी सूक्ष्म आहे. वांकलें तर गादी आणखी सरकेल, या भीतीनें माणूस पाठ ताठ धरतो. ताठ धरलेले स्नायू थकून दुखूं लागतात. दुखलें म्हणजे भीति खरी ठरली असें वाटतें. मग चालणेंहि कमी होतें. झोप उडते, आणि झोपेवांचून वेदना दुणावते. दोन महिन्यांत मूळची उसण केव्हांच उतरलेली असते, व तिच्या जागीं हें नवें दुखणें ठाण मांडून बसलेलें असतें. हेलसिंकी शहराच्या सेवेंतील १८६ नोकरांवर झालेला एक प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. पाठ धरलेल्या या लोकांपैकीं कांहींना दोन दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगितलें, कांहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि कांहींना सोसवेल तितपत रोजचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितलें. सर्वांत लवकर बरे झाले ते शेवटचे.

या सर्व गोष्टी थोडक्यांत विचारतां याव्यात, म्हणून स्वीडनमधील ओरेब्रो येथील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन लिंटन यांनीं एक प्रश्नावली तयार केली. तिचें २०११ सालीं प्रसिद्ध झालेलें संक्षिप्त रूप अवघ्या दहा प्रश्नांचें आहे. दुखणें किती दिवसांचें? किती तीव्र? हलकें काम तासभर करवेल काय? रात्रीं झोप लागते काय? मन ताणलेलें किंवा खिन्न आहे काय? दुखणें वाढलें कीं हातचें काम थांबविलेंच पाहिजे असें वाटतें काय? आणि, कांहीं महिन्यांनीं आपण नेहमींचें काम करीत असूं, याची कितपत खात्री वाटते? प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज शंभरांपैकीं पन्नासांच्या वर गेली कीं धोका अधिक समजतात. खात्रीचा हा प्रश्न दिसावयास साधा, पण त्याचें वजन मोठें आहे. आपण परतणार नाहीं असें ज्याला दुसऱ्या आठवड्यांतच वाटतें, तो पुष्कळदां डॉक्टरांना ठाऊक नसलेली एखादी गोष्ट सांगत असतो: मुकादमाशीं झालेलें भांडण, पाळींत कमी केलेलीं माणसें, किंवा पूर्वीं याच दुखण्यापायीं गेलेली नोकरी.

नॉर्वेंत अलीकडे अशा प्रश्नावल्या रजेवर असलेल्या कामगारांवर पडताळून पाहण्यांत आल्या. पद्धति सरळ आहे. पुष्कळ कामगारांचीं उत्तरें घ्यावयाचीं, पुढें त्यांच्या रजेचे दिवस मोजावयाचे, आणि कोणत्या उत्तरानें पुढचें खरें सांगितलें तें पाहावयाचें. हातीं जें येतें तें हवेच्या अंदाजासारखें असतें. वादळाचा इशारा आला म्हणजे सातपाटीच्या कोळ्याची होडी बुडणारच असें नव्हे. तरीहि त्या दिवशीं तो ती लोटीत नाहीं. दहांपैकीं सात जणांची रजा लांबेल असें गणित म्हणतें, तेव्हां उरलेले तीन कोण हें त्या गणिताला ठाऊक नसतें.

मात्र नॉर्वेंतील माप बोईसरला जसेंच्या तसें लागणार नाहीं. तेथें आजारी कामगाराला, एका ठराविक मर्यादेपर्यंत, वर्षभर पूर्ण पगार मिळतो. येथें १९४८ च्या कायद्यानें पाया घातलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेखालीं येणाऱ्या कामगाराला साध्या आजारपणांत मजुरीच्या शेंकडा ७० रक्कम, तीहि वर्षांत फार तर ९१ दिवस मिळते. दिवसाला ५०० रुपये मिळविणाऱ्याच्या हातीं ढोबळ हिशोबानें ३५० येतात. ठराविक मोठ्या रोगांसाठीं शेंकडा ८० प्रमाणें दोन वर्षांपर्यंत रक्कम मिळण्याची सोय आहे, आणि मणक्यामधील गादी सरकणें हें त्या यादींत आहे. साधी, पण हटवादी पाठदुखी तींत नाहीं. म्हणजे ज्या फोटोवर डॉक्टरांनीं फार विसंबूं नये, त्याच फोटोवर कामगाराच्या घरची चूल अवलंबून राहते. अशा स्थितींत त्यानें तो फोटो उराशीं धरला, तर नवल कसलें?

कंत्राटी कामगाराची गोष्ट याहून बिकट आहे. कायद्यानें तोहि विम्याच्या छत्राखालीं येऊं शकतो. परंतु ज्याची वर्गणी भरली गेली नाहीं, त्याच्या दुखण्याची नोंद एकाच शब्दांत होते: खाडा. मजुरी बुडाली, कीं वेदनाशामक गोळी घेऊन तो चौथ्या दिवशीं पुन्हां गोणीखालीं उभा राहतो. किंवा बिहारकडील असला तर बिहारला, जव्हार-मोखाड्याकडील असला तर तिकडे, घरीं निघून जातो. कागदावर त्याची रजा लांबतच नाहीं. उलट, भाताच्या लावणीसाठीं गांवीं गेलेल्या धडधाकट माणसाचे दिवस त्याच वहींत त्याच शब्दाखालीं मांडले जातात. या वहीवरून पुढचा अंदाज बांधूं पाहणाऱ्या गणिताला सर्वांत अधिक दुखावलेली पाठ दिसणारच नाहीं.

आणि अंदाज बांधला, तरी तो कोणाच्या हातीं पडतो? धोक्याच्या यादींत नांव निघालेल्या माणसाला आधीं मदत द्यावी, हा या विद्येचा हेतु. तीच यादी कंत्राटदाराकडे गेली, तर पुढच्या महिन्यांत कोणाला बोलवावयाचें नाहीं हें ठरविण्याच्या कामीं ती येईल, आणि हें कळलें कीं एकहि कामगार खरें उत्तर देणार नाहीं. म्हणून प्रश्न डॉक्टरांनीं किंवा परिचारिकेनें विचारले पाहिजेत, तोंडीं विचारले पाहिजेत, आणि कामगार घरीं जी भाषा बोलतो तींत विचारले पाहिजेत. उत्तरांचा कागद दवाखान्यांतच राहावा. कारखान्याला एवढेंच कळवावें कीं हा मनुष्य अमुक दिवसांपर्यंत अमुक काम करूं शकेल.

असें काम निघतें. चिठ्ठ्या चिकटविणें, मालाची मोजदाद, वजनाची नोंद, हीं कामें प्रत्येक कारखान्यांत असतातच; तीं बसून किंवा हिंडून, पाठीला फार त्रास न देतां होतात. अडचण येते ती मजुरीची. हलक्या कामाला हलकी मजुरी लावली, कीं कामगार तें नाकारतो, व त्याला दोष देतां येत नाहीं. १९६७ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें प्रौढ पुरुषानें उचलावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचविली. ५० किलोंची गोणी त्या मर्यादेच्या आंत बसते. उसण उतरून दहा दिवस झालेल्या पाठीला मात्र ही मर्यादा ठाऊक नसते. परतल्यावर पहिले दोन आठवडे २५ किलोंच्या गोण्या, पिंपासाठीं हातगाडी, मजुरींत कपात नाहीं, आणि हें सर्व कामगार घरीं असतांनाच मुकादमानें त्याला फोन करून सांगितलेलें: एवढें झालें, तर नेहमींचें काम पुन्हां करण्याची कितपत खात्री वाटते, या प्रश्नाला त्या दुसऱ्या कामगाराकडून पुढच्या आठवड्यांत निराळें उत्तर येऊं शकतें.