किनाऱ्यावरील केरकचरा आणि स्वयंसेवक

मुंबईच्या पश्चिम उपनगरात, अंधेरीच्या पलीकडे, वर्सोव्याचा समुद्रकिनारा आहे. तेथील कोळी त्यास वेसावे म्हणतात. उत्तरेस मालाडच्या खाडीचे मुख व पश्चिमेस अरबी समुद्र, अशा मोक्याच्या जागी हा किनारा वसलेला असल्यामुळे शहराने नाल्यांत सोडलेले बरेच काही अखेर येथे येऊन थडकते. २०१५ साली कित्येक ठिकाणी वाळू दिसत नव्हती. पायाखाली येत असे तो प्लास्टिकचा थर. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात अफरोज शाह नावाच्या तरुण वकिलाने ८४ वर्षे वयाच्या एका शेजाऱ्यासह हा कचरा हाताने उचलण्यास आरंभ केला. पुढे दर आठवड्याच्या अखेरीस रहिवासी, कोळी, विद्यार्थी असे शेकडो लोक त्यांना येऊन मिळू लागले. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ या सन्मानाने गौरव केला. तोवर चार हजार टनांहून अधिक कचरा उचलला गेला होता.

या ढिगाऱ्यांत काय असते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. पिशव्या, बाटल्या, चपला, थर्मोकोल, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्यासह फेकलेली पिशवी, तुटके दोर आणि जाळी. ज्या पदार्थांची घनता पाण्याहून कमी, तेच तरंगत किनाऱ्यास लागतात. पिशव्यांचे पॉलिथीन व दोरांचे पॉलिप्रॉपिलीन तरंगते. नायलॉनचे जाळे बुडते. पाण्याची बाटली झाकण घट्ट असेल तर दूरवर प्रवास करते, झाकण नसेल तर पाणी भरून तळाशी जाते. म्हणजेच किनाऱ्यावर दिसतो तो समुद्रातील कचऱ्याचा केवळ तरंगणारा वाटा होय. शिवाय वाळूवर पडलेले प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते व त्याचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते वाळूतून वेचून काढणे मनुष्याच्या हातांस जवळजवळ अशक्य असते. तेव्हा पिशवी अखंड असतानाच उचलली जाणे महत्त्वाचे ठरते.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही, हे वेसाव्याच्या कोळ्यांस कोणी सांगावयास नको. त्यांचे डोल जाळे म्हणजे खुंटास बांधलेली मोठी पिशवीच. भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तिचे तोंड उघडे असते, आणि प्रवाह जे आणील ते आत शिरते. बोंबील व जवळा यांच्याबरोबर प्लास्टिकही येते. ते निवडण्यात वेळ जातो, जाळे फाटते आणि मासळीस जागा कमी उरते.

स्वच्छतेचे काम मात्र एकदा करून संपत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे व उधाणाची भरती मिळून समुद्रातील कचरा पुन्हा बाहेर टाकतात. मरीन ड्राइव्हवर लाटांनी परत केलेल्या कचऱ्याचे दृश्य मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. उचललेला ढीग वेळेवर वाहून नेला नाही, तर पुढची भरती त्यावरही हक्क सांगते. नोव्हेंबर २०१७ मध्ये नेमक्या याच अडचणीमुळे, तसेच स्वयंसेवकांना होणाऱ्या त्रासामुळे, वर्सोव्याचे काम काही काळ थांबविण्यात आले होते. कचरा वेचणारे हात मिळणे सोपे, परंतु तो नेणारी गाडी ठरल्या वेळी मिळणे कठीण, असा हा विलक्षण प्रकार होता. नेल्यानंतरचा प्रश्न उरतोच: १९२७ पासून मुंबईचा कचरा ज्या देवनारच्या भूमीवर पडत आला, तीही ठाण्याच्या खाडीलाच लागून आहे.

काम पुन्हा सुरू झाले, आणि मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची किमान ऐंशी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे गेली. अनेक दशकांत असे घडले नव्हते. मादीस अंडी घालण्यासाठी मोकळी वाळू लागते; प्लास्टिकच्या थरात तिला खड्डा करता येत नाही व पिल्लांनाही वर येता येत नाही. यंत्राने सरसकट वाळू खरवडणे मात्र अशा जागी घातक ठरते, कारण घरटे वरून दिसत नाही.

अशा मोहिमांना दुसरेही एक अंग आहे, ते म्हणजे मोजणीचे. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे २,८०० स्वयंसेवकांनी दोन तासांत १२४ टन कचरा गोळा केला आणि प्रत्येक वस्तूची नोंदही केली. त्यातून दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होणारी आंतरराष्ट्रीय मोहीम जन्मास आली. भारतातही ती पार पडते. अनेक वर्षे या नोंदींत सिगारेटच्या थोटकांचा क्रमांक पहिला असे. २०१९ च्या गणनेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्यांस प्रथमच मागे टाकले. छायाचित्रापुरता झाडू हाती धरणाऱ्यांच्या हातून अशी मोजणी सहसा होत नाही, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

वेष्टनांचा हा क्रमांक विचार करण्याजोगा आहे. शाम्पूची वा वेफर्सची चकचकीत पुडी निरनिराळ्या पातळ थरांना एकत्र चिकटवून बनते; ते थर पुन्हा वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. पाण्याच्या बाटलीस किंमत असते, त्यामुळे ती वाटेतच वेचली जाण्याचा संभव तरी असतो. पुडी मात्र गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत व तेथून खाडीत निर्वेधपणे जाते. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. परंतु या पुड्या बहुतांशी त्या बंदीबाहेरच राहिल्या. वर्सोव्याचे स्वयंसेवकही पुढे किनाऱ्यापुरते थांबले नाहीत. त्यांनी मिठी नदीच्या काठी उतरून तेथील कचरा काढावयास घेतला.