आईची कुंकवाची डबी आणि १०० मिली

मावसबहिणीच्या लग्नासाठी आई आणि मी हैदराबादहून सिंगापूरला निघालो. सिक्युरिटीत माझी मेकअप काढायच्या पाण्याची बाटली अडवली. "अहो, अर्धीसुद्धा नाहीये," मी म्हटलं. तिथल्या बाईंनी बाटलीवरचा आकडा दाखवला: २०० मिली. आत किती उरलंय ते कोणी बघत नाही. बाटलीच १०० मिलीपेक्षा मोठी नको, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक झिपच्या पिशवीत मावल्या पाहिजेत. २००६ साली द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट लंडनमध्ये उघड झाला, तेव्हापासूनची ही कटकट.

आईची कुंकवाची डबी मात्र आरामात गेली. पिंजर कोरडी ना! कॉम्पॅक्ट, आयशॅडो, लिपस्टिकची कांडी यांचंही तसंच. फाउंडेशन, मस्कारा, लिप ग्लॉस द्रवात धरतात.

"एवढ्यापेक्षा सगळं मोठ्या बॅगेत टाकायचं," आई म्हणाली. ती मोठी बॅग दुसऱ्या दिवशी आली! संध्याकाळी सीमांतपूजन. साड्या मावशीच्या नेसलो आणि पर्समधल्या ३० मिली फाउंडेशनवर, काजळावर दोघींनी भागवलं. त्यातलंही थोडं पिशवीत सांडलं होतं. विमानात वर हवेचा दाब कमी होतो, मग बाटलीतली हवा फुगून आतलं बाहेर ढकलते. आता मी झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावते.

परतताना आईने खोबरेल तेल पर्समध्ये घेतलं, थांबली, चष्मा लावून आकडा वाचला. १७५. बाटली मावशीकडेच राहिली.