गाढव, बैलजोडी आणि खिडकी!

माहीत आहे का, आपल्याकडची मीम्स हजार वर्षं जुनी आहेत? व्हॉट्सॲप नव्हतं, पण दगड होते ना!

कोकणातल्या एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात गद्धेगाळाचा दगड बघितलाय? शिलाहार-यादवांच्या काळातले हे दानलेख. वर सूर्य-चंद्र, मध्ये मजकूर आणि खाली... एक गाढव नि एक बाई, अशा अवस्थेत, की सहल घेऊन आलेले मास्तर मुलांना पटापट पुढे हाकतात. सूर्य-चंद्र म्हणजे दानाची व्हॅलिडिटी: ते आहेत तोवर. गाढव म्हणजे सज्जड दम: दिलेली जमीन लाटाल, तर तुमच्या आईची ही गत! वाचता येणाऱ्याला अक्षरं, न येणाऱ्याला चित्र. ‘साहेब, मी अडाणी’ ही सबबच बंद. (जमीन लेकानं लाटायची आणि शिक्षा आईला, हे मात्र आपल्याला काही पटलेलं नाही.)

गाढवावरून थेट बैलांवर! १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. देशात शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग काय, उमेदवारागणिक पेटीच वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. शिक्का मारायची भानगड नाही. आवडत्या पेटीत मतपत्रिका टाका, चालू लागा. काँग्रेसची पेटी कोणती? बैलजोडीवाली! आज साक्षरता कुठल्या कुठे गेली, तरी ईव्हीएमवर नावाशेजारी चिन्ह ठाण मांडून आहेच.

अशीच युक्ती मेक्सिको सिटीच्या मेट्रोची. १९६९पासून तिथे दर स्टेशनला नावासोबत स्वतःचं चित्र आहे. ‘चापुल्तेपेक’ म्हणजे टोळाची टेकडी. नाव उच्चारताना जीभ अडखळतेय? टोळ दिसला की उतरा.

‘एक चित्र हजार शब्दांचं काम करतं’ ही चिनी म्हण आहे, माहीत आहे का? नाहीच मुळी! फ्रेड बर्नार्ड नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्यानं १९२१मध्ये एका नजरेची किंमत हजार शब्द लावली. १९२७मध्ये त्यानंच चित्राचे दहा हजार केले, वर चिनी म्हण म्हणून खपवलं. सहा वर्षांत भाव दहापट! आणि गंमत बघा, चित्राची थोरवी गायला गड्याला शब्दच लागले.

‘इमोजी’चा इमोशनशी संबंध? शून्य! जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. २०१५मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी ‘वर्ड ऑफ द इयर’ निवडला तोही हसून हसून रडणारा चेहरा. वर्ड! ज्यात एकही अक्षर नाही.

अक्षराविना बोलणारा आणखी एक चेहरा म्हणजे आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतला कॉमन मॅन. चित्रात रोज हजर असायचा, खाली ओळही रोज, पण ती त्याची कधीच नसायची. दुसरे बोलायचे, हा फक्त बघायचा.

आणि आता आपली लाडकी खिडकी. ‘आवाज’चा दिवाळी अंक! पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून डोकावणारं अर्धंमुर्धं चित्र, सोबत दोन ओळी. एवढ्यानं कान लाल. खिडकी उघडली, की आत सगळं सोवळं!

आमच्याकडे हा अंक आजोबांच्या उशीखाली असायचा. आजीनं म्हणे त्याला कधी हातही लावला नाही. मग खिडकीच्या कडेला हळदीचं बोट कुणाचं होतं?