पिंपरीची मर्सिडीज, तिसऱ्या मालकाच्या दारात

पुण्या-मुंबईच्या सेकंड हँड बाजारात आजही अधूनमधून एखादी जुनी मर्सिडीज विकायला निघते. चौकोनी बांधा, उभी जाळी, पुढच्या काचेवर एकच लांबलचक वायपर. किंमत ऐकली की घेणारा चमकतो, कारण साध्या नव्या हॅचबॅकपेक्षाही कमी पैशात बोनेटवर तारा मिळत असतो. ही गाडी म्हणजे डब्ल्यू१२४. जर्मनीत ती १९८४ च्या अखेरीस आली. १९९४ मध्ये टाटांच्या टेल्कोशी भागीदारी करून मर्सिडीजने भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात हीच गाडी जुळू लागली. टाटांचं आणि या जर्मन कंपनीचं नातं तसं जुनं, १९५४ च्या ट्रक-करारापासूनचं. पण मर्सिडीजची मोटारगाडी महाराष्ट्रात तयार होऊ लागली ती डब्ल्यू१२४ पासून.

पेट्रोल ई२२० आणि पाच सिलिंडरची डिझेल ई२५०डी ही तिची इथली ओळखीची रूपं. त्यांतल्या कित्येक गाड्या आता तिशीच्या घरात आहेत. पहिला मालक बहुधा उद्योजक किंवा डॉक्टर, दुसरा त्यांच्याच ओळखीतला. तिसरा किंवा चौथा मालक मात्र पगारदार असतो. लहानपणापासून ही गाडी त्याच्या डोळ्यांत भरलेली असते. हा लेख आहे तो त्याच्यासाठी.

त्याने आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. लाखाला घेतलेल्या गाडीलाही बॉल जॉइंट लागतो तो मर्सिडीजचाच. म्हणून जवळचे सगळे पैसे खरेदीतच घालणारा माणूस सहा महिन्यांत गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवतो. निम्मे पैसे हाताशी राखणारा ती चालवतो.

ही गाडी जपण्याच्या लायकीची आहे हे मात्र खरं. मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साको यांच्या हाताखाली तिचा आकार ठरला आणि हवेचा विरोध त्या काळाच्या मानाने फारच कमी ठेवला गेला. मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरून ठेवणारी रचना आहे, त्यामुळे खराब रस्त्यावरही गाडी ताळ्यावर राहते. आणि तो वायपर! तो नुसता अर्धवर्तुळात फिरत नाही. काचेच्या कोपऱ्याकडे जाताना दांडी लांब होते, मध्यावर येताना आत ओढली जाते. एवढ्या एका पातीने काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. आतल्या दातेरी चाकांचं ग्रीस तीस वर्षांत सुकलेलं असतं. ते बदललं नाही तर भर पावसात लोणावळ्याच्या घाटात वायपर अडकतो. पावसाळ्याआधी अर्ध्या दिवसात होणारं हे काम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

अशा गाडीत लोखंडाआधी रबर दगा देतं. दोन-तीन लाख किलोमीटर झालेलं इंजिन तेल-पाणी वेळेवर मिळालं असेल तर शांतपणे चालत राहतं. त्याच्याभोवतीचे बुश, इंजिनाचे फाऊंडेशन, पाण्याचे पाइप, प्रॉपेलर शाफ्टमधल्या रबरी चकत्या मात्र वयाने कडक होतात आणि तडकतात. डिझेल गाडीत तर निर्वाताच्या बारीक नळ्यांवर बरंच काही अवलंबून असतं. किल्ली फिरवली की निर्वाताच्या जोरावर इंधन तोडलं जातं आणि इंजिन थांबतं. नळी फाटली की किल्ली खिशात आणि इंजिन चालूच, अशी गंमत होते. नवा मालक घाबरून जातो. जुना मेस्त्री बोनेट उघडून इंधन पंपावरची थांबवायची कळ दाबतो आणि मग कुठली नळी गेली ते शोधायला लागतो.

पेट्रोल गाडीची दुखरी नस वेगळी आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होतं. पाहायला गेलात तर इंजिनाजवळची एखादी वायर बोटात धरून हलकेच वाकवा. आवरण चुरगळून गळू लागलं तर संपूर्ण हार्नेस बदलायची तयारी ठेवा. तोवर गाडी कधी मिसिंग मारेल, कधी आयडलिंगला हेलकावे खाईल, आणि गॅरेजवाला एकेक सेन्सर बदलत बिल वाढवत राहील.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिनाची पहिली सुरुवात खूप काही सांगते. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर तेल जळतंय. पांढरा धूर थांबेचना आणि कुलंटच्या टाकीत तेलकट साय दिसली तर हेड गॅस्केटचं काम. नंतर गाडी लिफ्टवर घ्या. दारांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांआड, जॅक लावायच्या जागी गंज लपलेला असतो. वरून ताजा रंग मारलेला असला तरी तिथला पत्रा खोटं बोलत नाही. मीटरवर विश्वास ठेवू नका. या गाड्यांच्या मीटरमधलं आकडे फिरवणारं चाक बंद पडणं नेहमीचंच, आणि आकडे मागे फिरवणारेही कमी नाहीत. त्यापेक्षा सर्व्हिसच्या पावत्या मागा. जीर्ण पावत्यांचं जाडजूड बाड सांभाळणारा मालक भेटला तर जास्त घासाघीस करू नये.

पार्ट मिळतात का? मिळतात, आणि हीच या गाडीची मोठी जमेची बाजू आहे. जगभरात २५ लाखांहून जास्त डब्ल्यू१२४ बनल्या, त्यामुळे पार्ट बनवणं अजूनही परवडतं. जर्मनीत फेलबाख इथे १९९३ पासून कंपनीचं जुन्या गाड्यांसाठीचं केंद्र आहे. शिवाय लेमफर्डर, बॉश, सॅक्स यांच्यासारखे मूळ पुरवठादार आपल्या नावाने पार्ट विकतात. डब्यावरचा तारा गेला की किंमत बरीच खाली येते, माल त्याच दर्जाचा. काच, दाराची हँडल, सीट अशा वस्तूंसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीचं मायापुरी पालथं घालावं. ब्रेक आणि सस्पेन्शनचा भाग मात्र भंगारातून कधीही आणू नये. तिथे वाचवलेले पैसे घाटातल्या उतारावर फार महागात पडतात.

जास्त चाललेल्या गाडीची धास्ती वाटणाऱ्यांनी ग्रिगोरिओस साखिनिदिस यांची गोष्ट ऐकावी. थेसालोनिकीच्या या टॅक्सीवाल्याने १९७६ ची २४०डी मर्सिडीज १९८१ मध्ये विकत घेतली, तीही २ लाख २० हजार किलोमीटर झालेली. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली तेव्हा ४६ लाख किलोमीटर झाले होते. इंजिन अर्थातच अनेकदा बदललं होतं. राखीव इंजिन दुरुस्त करून हाताशी ठेवायचं, चालतं इंजिन दमलं की अदलाबदल करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. घेताना मीटरवर किती आकडा होता, याला पुढे काही महत्त्वच उरलं नाही.

आजच्या काळाची म्हणून एक अडचण आहे ती पेट्रोलची. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. तीस वर्षांपूर्वीच्या इंधन-नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या आणि इथेनॉल ओलावाही ओढतं. म्हणून ई२२० घेतल्यावर पहिल्याच महिन्यात इंधनाचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे बसवून घ्यावेत, फिल्टर बदलावा. महिनोन्‌महिने टाकी भरलेली ठेवून गाडी उभी करू नये.

आता कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही असतो. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरापुरता दुजोरा दिला, तेव्हापासून तिकडच्या जुन्या मर्सिडीज मातीमोल भावात इकडे दाखवल्या जातात. फोटोत त्या सुंदर दिसतात. पण ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि नव्याने पासिंग यांचा हिशेब मांडला की स्वस्ताई विरघळते. चॅसीवर ठोकलेला नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावा. ना-हरकत प्रमाणपत्र विकणाऱ्याच्या हातात येईपर्यंत टोकनपलीकडे एक रुपयाही देऊ नये, मग तो कितीही घाई करो.