नेमकं कोणतं बोट बधिर आहे?

ऑक्टोबरची फळछाटणी उरकली की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातली माणसं पुढचे कितीतरी आठवडे द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून उभी असतात. फुटवे काढायचे, डिपिंग करायचं, घडांची विरळणी करायची. तिकडे साताऱ्याकडे पहाटे आणि संध्याकाळी म्हशींच्या धारा, आणि हंगाम लागला की दोन्हीकडे कोयता. इतकं राबणाऱ्या हाताला मुंग्या येऊ लागल्या की घरचे, शेजारचे, कधी कधी डॉक्टरही एकच सांगतात : मानेत गॅप आलाय. मग एमआरआय निघतो, त्यात झीज दिसते आणि गळ्याला पट्टा लागतो. पण चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एमआरआयमध्ये थोडीफार झीज दिसतेच, त्यांना काही त्रास असो वा नसो. दुखणं तिथलंच आहे, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवायची सुरुवात बोटांपासून करायला हवी.

मानेतून निघालेल्या नसा बोटांपर्यंत जाताना मुख्यतः तीन अरुंद जागांतून जातात : कॉलरबोनच्या मागे, कोपरात आणि मनगटात. कुठे दाब आहे त्यावर कोणती बोटं बधिर होणार हे बरंचसं ठरलेलं असतं.

सगळ्यात जास्त आढळतो तो मनगटातला दाब, म्हणजे कार्पल टनेल. तळव्याच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि मीडियन नर्व्ह जाते. यात्रेच्या दिवशीच्या एसटीसारखी ती जागा आधीच भरलेली असते. जराशी सूज आली की चेंगरते ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी सुटते. मध्यरात्री जाग येते, माणूस उठून हात झटकतो तेव्हा बरं वाटतं. ही झटकण्याची खूण फार बोलकी आहे. धारा काढणाऱ्या, भाकरीचं पीठ मळणाऱ्या, कात्री चालवणाऱ्या हातांत हे दिसतं. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणातही दिसतं.

तपासणी साधी आहे. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं मुडपून मिनिटभर धरायची. त्या तीन-साडेतीन बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. मग दोन्ही तळवे उजेडात शेजारी शेजारी ठेवायचे. अंगठ्याच्या बुडाशी मांसल उंचवटा असतो. तो एका हातावर बसलेला, सपाट दिसला, तर नस बरेच दिवस दबलेली आहे असं समजावं. तळवा वर करून अंगठा आढ्याकडे ताठ धरायला सांगितला आणि डॉक्टरांनी बोटाने खाली दाबताच तो पडला, तर शंका आणखी पक्की होते.

करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर असेल तर नजर कोपराकडे वळवायला हवी. आपटलं की झिणझिण्या येतात तीच ही अल्नर नर्व्ह. कोपर दुमडून तासन्‌तास मोबाइल कानाला लावणं तिला सोसत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरून ओढून बघा. तो सुटू नये म्हणून अंगठ्याचं टोक वाकत असेल तर हाताचे बारीक स्नायू दुबळे झालेत.

याच कोपरापाशी आपल्याकडच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. कोपराच्या आतल्या हाडामागे बोट फिरवून नस चाचपायची. ती दोरीसारखी जाड लागली किंवा अंगावर कुठे न दुखणारा, स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असला, तर विचार कुष्ठरोगाचा करायचा. मिरजेत तर कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन हॉस्पिटल आहे. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं देशपातळीवर निर्मूलन २००५ च्या अखेरीस झाल्याचं जाहीर झालं, तरी नवे रुग्ण आजही सापडतात. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. वेळेत सुरू केलं तर बोटं वाकडी होण्याचं टळू शकतं. लाजेपायी गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.

मानेच्या बुडाशी, कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये दाब असेल तर हात वर धरला की तो जड होतो. काहींना तिथे जन्मतःच एक जादा बरगडी असते. तपासताना कोपर खांद्याच्या उंचीला काटकोनात धरून तीन मिनिटं मुठी उघडझाप करायला सांगतात. मांडवाखालच्या बायका दिवसभर जवळजवळ हेच करत असतात. हात फिरवून नाडी थांबते का हेही बघतात, पण ती धडधाकट माणसांतही थांबते, म्हणून एवढ्यावरून निदान करणं मला चुकीचं वाटतं.

रक्तवाहिनी दबली तर खुणा निराळ्या असतात. हात गार, पांढरा पडतो. दोन्ही दंडांच्या रक्तदाबात मोठा फरक येतो. जड ओझी उचलणाऱ्या किंवा जिममध्ये जाणाऱ्या तरुणाचा एक हात अचानक सुजून निळसर झाला, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. हात अचानक पांढरा, गार पडून नाडी लागेनाशी झाली तर हाताशी काही तासच असतात. तोंड वाकडं होऊन हात लुळा पडला, किंवा छातीत दडपून डावा हात भरून आला, तर थेट १०८.

बाकीच्यांना घाई नसली तरी टाळाटाळही परवडणारी नाही. मनगटातल्या दाबाला सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधूनही पुष्कळांना उतार पडतो. नाही पडला तर छोटी शस्त्रक्रिया आहे. नसेचा तुटलेला धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे कोपरापासून पंजापर्यंत पोचायला जवळजवळ वर्ष जातं. तोवर वाळलेला स्नायू पुन्हा भरेलच असं नाही.

म्हणून आज रात्री हाताने जाग आली तर दिवा लावा, एकेक बोट चाचपून पाहा आणि कोणती बधिर आहेत ते कागदावर लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना तो कागद न्या, दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर जातील असे कपडे घाला आणि मानेपासून बोटांपर्यंत दोन्ही हात तपासा, असं डॉक्टरांना सांगा.